छाट

माझे वडील चेकर होते.
विडी कारखान्याच्या पूर्व भागातल्या शाखेत
लाकडी खिडकीआड बसायचे.
खिडकी कमरेएवढी, बायांना वाकावं लागे.
इतकी खाली का, असं मी लहानपणी विचारलं,
तर म्हणाले, सुतारानं तशी केली.

हजार विड्यांचं सूप पुढे सरकलं
की त्यांची बोटं चालायची, पत्ते पिसल्यासारखी:
ही ढिली, ही तोंडाशी फुगली, हिचं पान काळं.
चाळीस बाजूला. कधी साठ.
मजुरी उरलेल्यांची.
छाटलेल्या पत्र्याच्या डब्यात.
डबा संध्याकाळी मालकाकडे जायचा,
जाता जाता थोडा आमच्या घरी.
रविवारी अक्कलकोट रोडच्या टपऱ्यांवर
काळं पान, ढिलं तोंड
जळायचं सारखंच.

सोलापुरात चार भाषांत विचारता येतं:
किती, कितना, एष्टु, एंत.
उत्तर खिडकीच्या आतून यायचं,
ते नुसताच आकडा असे.

पानही आतूनच मिळे. सातशे ग्रॅम म्हणून सहाशे.
उरलेलं बाजारातून, ज्याचं त्यानं.
तरी हजार भरले नाहीत
तर दोष कात्रीचा.

नरसव्वा गुंडेटीनं एका गुरुवारी
पैसे घेतले नाहीत.
खिडकीतून हात घातला, डबा ओढला,
आपल्या चाळीस विड्या मोजून काढल्या
आणि एकेक मोडली.
विडी मोडताना आवाज होत नाही,
तंबाखू सांडते फक्त.
वडिलांच्या वहीवर सांडली.
"खराब हाय म्हनता नव्हं?
मग कुनीच वडू नये."

पुढच्या गुरुवारी तीस जणींनी मोडल्या.
एकीनं भंगारातून तराजू आणला,
एक पारडं चेपलेलं, त्याला खडा बांधून समतोल केला,
आणि पान दारातच मोजलं.
मालकानं शाखा बंद केली. अकरा दिवस.
कुणाची तांब्याची घागर गेली,
कुणी टॉवेलच्या दशा वळायला एमआयडीसीत गेली,
दोघी रात्री आमच्या घरी येऊन
वडिलांच्या पाया पडल्या.
त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत. निदान नरसव्वानं नाही.

बाराव्या दिवशी खिडकी उघडली.
चाळिसाचे सहा झाले.
बोटं तीच, पान तेच,
वडिलांचा चष्मासुद्धा तोच.

त्या जूनमध्ये माझ्या शिकवणीची फी भरली गेली नाही.
आईनं नुसतं डब्याच्या जागेकडे पाहिलं.
मला त्या बायांचा राग आला.
हे लिहून ठेवतो,
कारण माझ्या तोंडून ते कुणी ऐकलेलं नाही.

आता मी बँकेत आहे, कर्ज विभागात.
समोर काच. काचेला भोक आहे, कमरेएवढ्या उंचीवर.
शाखेचं नूतनीकरण वरून झालं,
मला कुणी विचारलं नव्हतं.

आज श्रावंती गुंडेटी आली होती.
शाळेचे गणवेश शिवायला चार मशिनी हव्यात,
दोघी-तिघींना काम देईन, म्हणाली.
कागद सगळे होते. एक जामीनदार विडीकामगार,
दुसराही विडीकामगार.
माझी बोटं चालली. मला ती ओळखीची वाटली.
"बघू. सध्या अवघड आहे."
नाही म्हणायला हे वाक्य बरं पडतं,
त्याचा पुरावा राहत नाही.

ती वाकली नाही. उभ्यानंच, काचेच्या वरून म्हणाली,
"नाही म्हणताय ना, सर?
मग कारण लिहून द्या.
खाली तुमचं नाव."

मागे रांगेत कुणीतरी हसलं.
कुणीतरी विचारलं, काय म्हणाली ती?
आणि दुसऱ्यानं तेलुगूत सांगितलं.

मी खिसा चाचपला. पेन नव्हता.
एकच होता, काउंटरचा,
दोऱ्यानं बांधलेला,
तिच्या बाजूला.